गटारापासून नळापर्यंत

१७ सप्टेंबर २०२२ रोजी आठ चित्ते घेऊन एक विमान ग्वाल्हेरला उतरलं आणि तिथून हेलिकॉप्टरनं ते कुनोच्या जंगलात पोचले. विमान सुटलं होतं विंडहोकहून, म्हणून त्या आठवड्यात हे नाव आपल्या वर्तमानपत्रांत बरेचदा छापून आलं. पुढे चित्त्यांची बातमी मागे पडली आणि नावही विसरलं गेलं. नामिबियाची ही राजधानी लक्षात ठेवायला चित्त्यांहून मोठं कारण आहे. शहरातल्या संडास-मोऱ्यांचं पाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या जलवाहिनीत सोडणारं हे जगातलं पहिलं शहर. १९६८ साली त्यांनी हे सुरू केलं आणि आजही शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साधारण चौथा हिस्सा याच वाटेनं येतो.

यातला ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सांडपाणी शुद्ध करणारी शहरं बरीच आहेत. सिंगापूरनं २००३ पासून या कामात मोठं नाव कमावलं. पण तिथं शुद्ध केलेलं पाणी बहुतेक करून कारखान्यांना जातं, आणि पिण्यासाठी घ्यायचं ते आधी जलाशयात सोडून तिथून पुन्हा उचलतात. मध्ये नदी किंवा तलाव असला की पाण्याला वेळ मिळतो, ते आणखी पातळ होतं, आणि लोकांच्या मनालाही थोडं बरं वाटतं. विंडहोकमध्ये मध्ये काहीच नाही. केंद्रातून बाहेर पडलेलं पाणी धरणाच्या पाण्यात मिसळतं आणि घरोघरी जातं. इतका धीर या शहराला कुठून आला, हे समजायचं तर आधी तिथली पाण्याची परिस्थिती पाहायला हवी.

नामिबियाच्या पश्चिमेला नामिब वाळवंट आणि पूर्वेला कलहारी. दोन्हींच्या मधल्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १६५० मीटर उंचीवर विंडहोक वसलं आहे. वर्षाचा पाऊस साडेतीनशे ते पावणेचारशे मिलिमीटर. माण-जतकडच्या माणसाला हा आकडा अगदीच परका वाटणार नाही. खरी अडचण उन्हाची आहे. उघड्यावर ठेवलेलं पाणी तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त उडून जातं, म्हणजे आभाळातून जेवढं येतं त्याच्या आठपट. देशाच्या आतल्या भागात बारमाही नदी एकही नाही. कुनेने, ओकावांगो, झांबेझी, ऑरेंज या वाहत्या नद्या सगळ्या सीमांवर. त्यातली जवळची ओकावांगो, तीही सुमारे ७०० किलोमीटर दूर.

शहर वसलं ते गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे. विसाव्या शतकात विहिरी आणि विंधनविहिरी वाढल्या तसे झरे आटले. मग आजूबाजूच्या कोरड्या नद्यांवर धरणं बांधली गेली. या नद्या वर्षातले काही दिवसच वाहतात. फॉन बाख, स्वाकोपपूर्ट आणि ओमाताको अशी तीन मोठी धरणं १९७० ते १९८२ या काळात उभी राहिली. त्यांचं पाणी ज्या पद्धतीनं सांभाळतात ते पाहण्यासारखं आहे. ओमाताकोचा जलाशय उथळ आणि पसरट, त्यामुळे तिथलं पाणी झपाट्यानं उडतं. फॉन बाख खोल, पाण्याचा उघडा पृष्ठभाग कमी. म्हणून पाऊस पडून ओमाताको भरला की तिथलं पाणी लगेच उपसून फॉन बाखमध्ये आणतात. विजेचा खर्च होतो, पण उन्हाला फुकट देण्यापेक्षा तो परवडतो. उत्तरेकडे ग्रूटफोन्टाइनच्या बाजूला बंद पडलेल्या खाणींत साठलेलं भूजल आहे. तेही उपसून लांब कालव्यानं या धरणांपर्यंत आणायची सोय केलेली आहे.

मग समुद्राचं पाणी का नाही, असं कोणीही विचारेल. नामिबियाच्या किनाऱ्यावर स्वाकोपमुंडजवळ २०१० पासून खारं पाणी गोडं करणारं मोठं केंद्र आहे. ते एका युरेनियम खाणीसाठी उभारलं गेलं. पण विंडहोक किनाऱ्यापासून जवळपास ३०० किलोमीटर आत आणि १६५० मीटर वर आहे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी तेवढं चढवायचं तर गळती आणि घर्षण अजिबात न धरता साडेचार युनिट वीज लागते. समुद्राचं पाणी गोडं करायला तीन-चार युनिट लागतात ते वेगळेच. पाणी गोडं करण्यापेक्षा ते वर चढवणंच महाग, असा हा हिशेब आहे. शहरातून रोज बाहेर पडणारं सांडपाणी मात्र आधीच त्याच उंचीवर, शहराच्या कडेलाच होतं.

१९५० च्या दशकापासून शहर वाढू लागलं. १९५८ मध्ये शहराच्या वायव्येला गोरेआंगाबचं छोटं धरण आणि त्यालगत साधं जलशुद्धीकरण केंद्र झालं. तेही अपुरं पडलं. तेव्हा हा प्रदेश ‘नैऋत्य आफ्रिका’ या नावानं दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. प्रिटोरियातल्या सरकारी जलसंशोधन संस्थेत सांडपाणी पिण्यायोग्य करण्याचे प्रयोग सुरू होते. डॉ. लुकास व्हॅन व्ह्यूरेन हे त्यांतलं प्रमुख नाव. पाण्याची परीक्षा त्याच्या इतिहासावरून करू नये, आज त्यात काय आहे त्यावरून करावी, असा त्यांचा आग्रह होता. १९६८ मध्ये गोरेआंगाबचं केंद्र त्यानुसार बदललं गेलं. सुरुवातीची क्षमता दिवसाला पन्नास लाख लिटरच्याही आत होती. नंतरच्या तीस वर्षांत त्यात अनेकदा सुधारणा झाल्या आणि २००२ मध्ये शेजारीच नवं केंद्र सुरू झालं, दिवसाला २ कोटी १० लाख लिटरचं. ते चालवणाऱ्या कंपनीत एका फ्रेंच कंपनीबरोबर व्ही. ए. टेक वाबागचा वाटा आहे. वाबाग आज चेन्नईची कंपनी आहे. म्हणजे हे ज्ञान आपल्यापासून फार लांब नाही.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये असं आपण म्हणतो. व्हॅन व्ह्यूरेन यांचं म्हणणंही वरवर तसंच वाटतं. पण विंडहोकनं प्रत्यक्षात केलं ते नेमकं उलट. पाण्याचं मूळ त्यांनी जितकं बारकाईनं तपासलं तितकं क्वचितच कोणत्या शहरानं तपासलं असेल. शुद्धीकरणाची सुरुवात केंद्रात होत नाही. ती होते जमिनीखालच्या गटारात, कुठलं पाणी कुठल्या नळात पडतं तिथं. या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे, आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी बोललं जातं.

घरातल्या सांडपाण्यात असतं तरी काय? मैला, मूत्र, साबण, खरकटं, तेल आणि अब्जावधी जंतू. किळस येते खरी, पण हे सगळं निसर्गाच्या ओळखीचं आहे. जिवाणू ते खातात, हवा ते जाळते, जंतू मारता येतात. कारखान्याच्या सांडपाण्याची गोष्ट वेगळी. चामडं कमावण्याच्या कारखान्यातलं क्रोमियम कुठलाही जिवाणू पचवत नाही. रंग, द्रावकं, जड धातू यांचं एकेकाचं वेगळं रसायनशास्त्र. त्यांतलं कोणतं कधी आणि किती येईल हे आधी सांगताही येत नाही. ज्याची कल्पनाच नाही त्याची चाचणी कशी करणार? म्हणून विंडहोकनं सुरुवातीलाच ठरवलं की पिण्यासाठी परत घ्यायचं पाणी फक्त घरांचं आणि तसल्याच वापराचं. उत्तरेकडच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी स्वतंत्र वाहिन्यांनी उजाम्स नावाच्या वेगळ्या केंद्राकडे जातं. ते पिण्याच्या साखळीत येतच नाही. घरांचं पाणी जातं गामाम्सच्या केंद्राकडे.

गामाम्समध्ये जे होतं ते आपल्याकडच्या कोणत्याही चांगल्या मैलापाणी केंद्रात होतं तसंच. हौदात हवा सोडून जिवाणू वाढवायचे, त्यांना घाण खाऊ द्यायची, मग ते गाळाबरोबर खाली बसवायचे. फरक काटेकोरपणाचा आहे. पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरसही जिवाणूंकडूनच काढून घेतला जातो, कारण इथं राहिलेली कसर पुढच्या प्रत्येक पायरीला महाग पडते. नंतर हे पाणी मोठ्या तळ्यांत काही दिवस संथ ठेवतात. ऊन आणि वेळ दोन्ही मिळून बरेच जंतू संपवतात. एवढं झालं की साधारणपणे आपल्याकडे काम संपलं असं समजून पाणी नदीत सोडतात. गोरेआंगाबचं काम इथून पुढे सुरू होतं.

आत आलेल्या पाण्यावर आधी ओझोनचा एक हात फिरतो. मग त्यात फेरिक क्लोराइड घालतात. आपल्याकडे तुरटी जे काम करते तेच हे करतं. पाण्यातले बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. नेहमीच्या केंद्रात हे गोळे तळाशी बसू देतात. इथं तळ्यांतून आलेलं शेवाळ असतं, ते हलकं, बसायला तयार नसतं. म्हणून दाबाखाली हवा विरघळवलेलं पाणी खालून सोडतात. दाब कमी होताच असंख्य सूक्ष्म बुडबुडे सुटतात, गोळ्यांना चिकटतात आणि त्यांना वर आणतात. वर जमलेला थर दुधावरची साय काढावी तसा काढून टाकतात. उरलेलं पाणी वाळू आणि अँथ्रासाइट कोळशाच्या गाळण्यांतून जातं. आता ते डोळ्यांना स्वच्छ दिसतं. पण डोळ्यांना जे दिसत नाही त्याचाच खरा प्रश्न असतो.

आपण घेतलेल्या औषधांचा काही भाग शरीर वापरतं, उरलेला लघवीतून बाहेर पडतो. वेदनाशामकं, प्रतिजैविकं, गर्भनिरोधक गोळ्यांतली संप्रेरकं हे सगळं अगदी सूक्ष्म प्रमाणात सांडपाण्यात असतं. वाळूची गाळणी त्यांना अडवू शकत नाही. इथं दुसऱ्यांदा, आणि या वेळी मोठ्या मात्रेत, ओझोन येतो. ओझोन म्हणजे तीन अणूंचा ऑक्सिजन. तो अस्थिर असतो आणि समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. विषाणू, जिवाणू मरतातच, शिवाय या औषधांचे गुंतागुंतीचे रेणूही मोडतात. मात्र ते पूर्ण नाहीसे होत नाहीत, त्यांचे लहान तुकडे होतात. ते तुकडे तसेच पुढे गेले तर वाहिन्यांत जंतूंना खाद्य मिळेल. म्हणून लगेच पुढचा टप्पा कोळशाच्या अशा थराचा आहे, ज्याच्या दाण्यांवर जिवाणू मुद्दाम वाढू दिलेले असतात. ओझोननं केलेले तुकडे हे जिवाणू खाऊन टाकतात. आधीच्या टाकीत जंतू मारायचे आणि पुढच्या टाकीत पाळायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण एकाचं काम दुसऱ्यावाचून अर्धवट राहतं. त्यानंतर सक्रियित कोळशाचे आणखी थर येतात. या कोळशाच्या दाण्यांत इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की जे काही विरघळलेलं सेंद्रिय उरलं असेल ते त्यांच्या पृष्ठभागावर अडकून राहतं. कोळसा भरत आला की तो बदलावा लागतो. या केंद्राच्या मोठ्या खर्चांपैकी हा एक.

मग पाणी अतिसूक्ष्म गाळणीच्या पडद्यांमधून दाबानं ढकललं जातं. पडद्यांची छिद्रं एका मायक्रॉनच्या काही शतांश भागांएवढी असतात. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे पोटाचे दोन हट्टी परजीवी आहेत. त्यांची कवचं जाड, आणि क्रिप्टोस्पोरिडियम तर क्लोरीनलाही फारशी दाद देत नाही. पण ते काही मायक्रॉन आकाराचे असतात, म्हणून या छिद्रांतून जाऊ शकत नाहीत. शेवटी क्लोरीन, तेही वाहिनीत पुढे नळापर्यंत थोडं शिल्लक राहील अशा बेतानं. आणि थोडा कॉस्टिक सोडा, पाण्यानं लोखंडी नळ खाऊ नयेत म्हणून.

या क्रमात एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. जंतूंवर ओझोन आहे, गाळण्या आहेत, पडदे आहेत, क्लोरीन आहे. औषधांच्या अंशांवर ओझोन आहे आणि कोळशाचे एकाहून अधिक थर आहेत. प्रत्येक धोक्यापुढे दोन-तीन वेगवेगळ्या जातीचे अडथळे उभे केले आहेत, कारण कोणतंही यंत्र कधी ना कधी बिघडणार हे गृहीत धरलेलं आहे. शिवाय कोळशाची भुकटी तयार ठेवलेली असते. आत येणाऱ्या पाण्यात काही वावगं दिसलं तर ती सुरुवातीलाच घालता येते. ठिकठिकाणी बसवलेली उपकरणं सतत मोजमाप करतात, आणि ठरलेली मर्यादा कुठंही ओलांडली गेली तर पाणी शहराकडे जायचं थांबतं, ते केंद्रातच मागे वळवलं जातं. हे सगळं झाल्यावर जो नमुना निघतो तो पुन्हा प्रयोगशाळेत तपासला जातो. बिघाड होणारच नाही असा दावा कुणी करत नाही. बिघाड झाला तरी त्या दिवशीचं पाणी कुणाच्या पेल्यात जाऊ नये, याची व्यवस्था केली आहे.

लोकांच्या तब्येतीवरही लक्ष ठेवलं गेलं. १९७४ ते १९८३ या काळात शहरातल्या जुलाबाच्या रुग्णांचा अभ्यास झाला. पुनर्शुद्ध पाणी मिळणारे आणि न मिळणारे भाग शेजारी शेजारी ठेवून तुलना केली, तेव्हा आजार आणि हे पाणी यांचा संबंध आढळला नाही. राहणीमानातल्या तफावतीशी मात्र आढळला.

एक गोष्ट या केंद्राला जमत नाही, आणि ती म्हणजे मीठ काढणं. घरातून फिरून आलेल्या पाण्यात क्षार वाढलेले असतात. ते मूत्रातून येतात, साबणातून येतात, स्वयंपाकातून येतात. ओझोन, कोळसा आणि असे पडदे विरघळलेल्या मिठाला हात लावत नाहीत. त्यासाठी आपल्या घरच्या आर.ओ. यंत्रासारखे रिव्हर्स ऑस्मोसिसचे पडदे लागतात. सिंगापूर ते वापरतं. पण त्या यंत्रातून गोड्या पाण्याबरोबर घट्ट खारं पाणीही निघतं. सिंगापूरला समुद्र आहे. विंडहोकनं ते कुठं सोडायचं? पठाराच्या मधोमध ते जमिनीत किंवा कोरड्या नदीत सोडणं म्हणजे उद्याचं भूजल नासवणं. वीजही जास्त लागते, आणि जिथं थेंबाथेंबाचा हिशेब आहे तिथं बरंचसं पाणी त्या खाऱ्या प्रवाहात वाया घालवणं परवडत नाही. म्हणून त्यांनी साधा मार्ग निवडला. पुनर्शुद्ध पाणी एकूण पाण्याच्या ३५ टक्क्यांपर्यंतच मिसळायचं, बाकी धरणाचं किंवा भूजल. अशा मिश्रणानं क्षार एका पातळीच्या वर चढत नाहीत. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. महागडं यंत्र बाजारात होतं म्हणून त्यांनी ते घेतलं नाही. आपल्या जागेचा विचार करून जिथं थांबायचं तिथं ते थांबले.

शहराची दुसरी मोठी ठेव जमिनीखाली आहे. दक्षिणेच्या आउआस डोंगराकडच्या भेगाळलेल्या क्वार्टझाइट खडकात भूजलाचा मोठा साठा आहे. अनेक दशकांच्या उपशानं तो खाली गेला होता. धरणांत जास्तीचं पाणी असेल त्या वर्षी ते पिण्यायोग्य करून विंधनविहिरींतून या खडकात उलटं भरण्याचं काम शहरानं हाती घेतलं. खडकातल्या पाण्याला ऊन लागत नाही. तीन हजार मिलिमीटरचं बाष्पीभवन टाळण्याचा याहून सोपा उपाय नाही. मात्र भरायचं पाणी पिण्याच्या दर्जाचंच हवं, असा नियम आहे. एकदा साठा नासला तर तो धुता येत नाही.

या सगळ्याची कसोटी २०१५-१६ मध्ये लागली. ते एल निन्योचं वर्ष मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते, पुढे ५० वाघिणींच्या गाड्यांतून पंचवीस लाख लिटर जाऊ लागले. त्याच काळात आफ्रिकेच्या दक्षिण भागातही पाऊस दगा देत होता आणि विंडहोकची तिन्ही धरणं तळाला गेली. पाण्यावर कडक निर्बंध आले, उद्योगांना कपात करावी लागली. पण नळ बंद पडले नाहीत. जमिनीखालचा साठा उपसला गेला, आणि गोरेआंगाबचं केंद्र चालू राहिलं. पूर्ण क्षमतेनं चाललं तर ते एका दिवसात लातूरच्या आठ मोठ्या गाड्यांएवढं पाणी देतं. पाऊस पडो न पडो, जोवर शहरात माणसं आंघोळ करतात तोवर या केंद्राला कच्चा माल मिळत राहतो. त्या वर्षांनंतर दुसऱ्या अशाच केंद्राच्या योजनेला जोर आला.

हे सारं कौतुकानं लिहिताना एक गोष्ट लपवणं योग्य होणार नाही. १९६८ मध्ये या शहरातल्या बहुसंख्य काळ्या लोकांना मत देण्याचा अधिकारच नव्हता. त्याआधी नऊ वर्षं, १० डिसेंबर १९५९ रोजी, जुन्या वस्तीतून कातुतुरा इथं सक्तीनं हलवण्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. अशा राजवटीत सांडपाण्याचं पाणी प्यायचं की नाही हे लोकांना कोण विचारणार? आज पुष्कळ तज्ज्ञ विंडहोकच्या लोकांनी दाखवलेल्या विश्वासाचा दाखला देतात. विश्वास नंतर कमावला गेला हे खरं आहे. दशकांमागून दशकं पाणी चांगलं मिळत गेलं, शाळांच्या सहली केंद्रात येऊ लागल्या, १९९० मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर निवडून आलेल्या पालिकेनंही ते चालू ठेवलं आणि वाढवलं. पण सुरुवात लोकांच्या संमतीनं झाली असं म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या टुवूम्बा शहरानं २००६ मध्ये सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी परत घेण्याच्या योजनेवर लोकांचं मत घेतलं, तेव्हा बहुमतानं नकार आला होता.

विषमता आजही आहे. कातुतुराच्या पलीकडे डोंगरउतारांवर पत्र्याच्या घरांच्या वस्त्या वाढत गेल्या आहेत. तिथल्या पुष्कळ कुटुंबांना घरात नळ नाही, संडास नाही. सार्वजनिक नळावर आधी पैसे भरून पाणी घ्यावं लागतं. या वस्त्यांतली घाण पावसाबरोबर उतरते ती गोरेआंगाबच्या तलावात. नव्या केंद्राचा आराखडा करताना गामाम्सच्या पाण्याबरोबर या तलावाचं पाणीही घ्यायचं ठरलं होतं. पण तलाव इतका बिघडत गेला की केंद्र मुख्यतः गामाम्सच्या पाण्यावरच चालतं. म्हणजे गटारातून आलेलं पाणी तलावातल्या पाण्यापेक्षा भरवशाचं ठरलं. ज्या गटाराला सांभाळलं ते कामी आलं. जिथं गटारच बांधलं नाही तिथलं पावसाचं पाणीही हातचं गेलं.

हे वाचताना मला पुन्हा पुन्हा उजनी आठवतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, काही शुद्ध केलेलं, काही अर्धवट, काही तसंच, मुळा-मुठेतून भीमेला मिळतं आणि उजनीच्या जलाशयात जाऊन साठतं. त्याच जलाशयाचं पाणी सोलापूर शहर पितं. विंडहोकचं नाव काढल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की सांडपाण्याचा पुनर्वापर आपल्याकडेही होतोच. फरक एवढाच की तिथं तो ठरवून, मोजून, अनेक अडथळे पार करून होतो आणि आपल्याकडे न ठरवता, नदीच्या नावाखाली होतो. घरांचं आणि कारखान्यांचं पाणी आपल्या नद्यांत एकत्र मिसळतं, आणि खाली राहणाऱ्या गावाला वरून काय आलं हे कळत नाही.

आपल्याला हे जमणारच नाही असं मात्र नाही. नागपूरमध्ये शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं आणि तितकं धरणाचं पाणी शहरासाठी वाचतं. पिण्यासाठी पाणी परत घेण्याची पायरी आपल्या शहरांना आज गरजेची नसेल. पण त्या पायरीच्या आधीच्या दोन गोष्टी आजच करण्यासारख्या आहेत आणि त्यांना ओझोनची यंत्रं लागत नाहीत. कारखान्यांचं सांडपाणी घरांच्या गटारात पडू न देणं ही पहिली. मैलापाणी केंद्रातून नदीत जाणाऱ्या पाण्याची रोजची मोजमापं, चांगली असोत की वाईट, लोकांसमोर ठेवणं ही दुसरी. तुमच्या शहरातलं सांडपाणी कुठल्या केंद्रात जातं, त्यातलं किती खरोखर शुद्ध होतं आणि नदीच्या खालच्या अंगाच्या कोणत्या गावाच्या नळाला ते पोचतं, एवढे तीन प्रश्न आपल्या नगरसेवकाला लेखी विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.